आधी नोटीस, मग तक्रार

‘ट्रान्सफरचा हप्ता थकला की क्लबने सरळ फिफाकडे जावं’ हा लेखातला सल्ला अर्धवट आहे. मुंबईच्या क्लबचे खेळाडू दिल्याचे पैसे गोव्यातल्या क्लबकडे अडकले, तर प्रकरण एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातं. फिफा वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांचे वाद घेते.

तिथेही थकबाकीदारावर कारवाई हवी असेल, तर पैसे ३० दिवसांहून जास्त थकलेले हवेत आणि लेखी नोटीस देऊन किमान १० दिवसांची मुदत द्यावी लागते. नोटिशीत कराराचं कलम, हप्त्याची तारीख, रक्कम सगळं घाला. व्हॉट्सॲपवरच्या ‘साहेब, पैशांचं बघा ना’वर विसंबू नका. दोन वर्षं उलटली की दावाच बाद. खरी मेख निकालानंतर आहे: बँक खात्याचा तपशील समोरच्याला पाठवला की मगच त्याला पैसे भरायला मिळणारे ४५ दिवस मोजायला सुरुवात होते. तो पाठवलाच नाही, तर मुदतीत पैसे न भरल्यास त्या क्लबवर येणारी नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी कागदावरच राहते.