पंक कपड्यांच्या दुकानात जन्मलं नाही

रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड; पंक म्हणजे सत्तरच्या दशकात आलेलं वेगवान, कच्चं रॉक संगीत. त्यांचा टी-शर्ट घालून चार लोकांत गेलं की कुणीतरी हमखास ऐकवतं. वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरणारं हे म्हणणं आता सगळ्यांना पाठ झालंय: "पंक हे काही बंड-बिंड नव्हतं. लंडनच्या एका कपडेवाल्याने माल खपवायला उभं केलेलं ते नाटक होतं. वाजवता न येणाऱ्या पोरांनी गोंगाट केला, नाझी स्वस्तिक मिरवणाऱ्या गोऱ्या टारगटांनी तो डोक्यावर घेतला आणि दोन वर्षांत सगळं आटोपलं. मागे उरल्या सेफ्टी पिना आणि टी-शर्ट."

मला हे संगीत भेटलं ते एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम, चौदाच्या चौदा गाणी, एकाच बाजूवर मावला होता आणि शेवटी थोडी टेप कोरी राहिली होती. तेव्हापासून हे संगीत सोबत आहे, म्हणून वरचं म्हणणं मला मनापासून खुपतं. त्यात दुकानदार आहे, वाजवणारे आहेत, टारगट आहेत. पण ज्याच्यामुळे पंक उभं राहिलं आणि टिकलं तो ऐकणारा त्यात कुठेच नाही. एकेक मुद्दा घेऊ.

आधी दुकानाचं. दुकान होतं हे खरं. लंडनमध्ये ४३०, किंग्ज रोड या पत्त्यावर माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड ते चालवायचे. मॅक्लारेन ज्याचा व्यवस्थापक होता त्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा बासवादक ग्लेन मॅटलॉक शनिवारी तिथे काम करायचा, गायक जॉनी रॉटनची परीक्षाही त्याच दुकानातल्या ज्यूकबॉक्ससमोर झाली. पण या बँडच्या आधी काय चाललं होतं ते बघा. डिसेंबर १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या बाउरी भागात हिली क्रिस्टलने सीबीजीबी नावाचा बार उघडला. वस्ती दारुड्यांची आणि बेघरांची, जागा कळकट. तिथे वाजवायचं तर गाणी स्वतःची हवीत, दुसऱ्यांची चालणार नाहीत, अशी अट होती. १९७४ मध्ये टेलिव्हिजन हा बँड तिथे वाजवायला लागला, त्याच ऑगस्टमध्ये रामोन्स आले. टेलिव्हिजनमधला रिचर्ड हेल फाटके शर्ट घालायचा आणि केस उभे ठेवायचा. त्या सुमारास मॅक्लारेन न्यूयॉर्क डॉल्स या बँडचं काम बघायला अमेरिकेत होता. त्याने हे रूप पाहिलं आणि लंडनला नेलं. त्याने स्वतः ते कबूलही केलं आहे. म्हणजे दुकानातला माल वादकाच्या अंगावरून आलेला आहे.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला द सेंट्स हा बँड होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने आपलं पहिलं गाणं काढलं सप्टेंबर १९७६ मध्ये. तोवर ब्रिटनमधल्या एकाही पंक बँडची तबकडी आलेली नव्हती. द डॅम्ड ऑक्टोबरमध्ये आले, सेक्स पिस्टल्स नोव्हेंबरच्या शेवटी. ब्रिस्बेनच्या त्या पोरांना कोणत्या दुकानाने उभं केलं? डेट्रॉइटमध्ये हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी डेथ नावाचा बँड काढून १९७५ मध्येच असं संगीत ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातल्या दोन गाण्यांच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. बाकीच्या टेपा तशाच पडून राहिल्या आणि अल्बम म्हणून बाहेर यायला २००९ साल उजाडलं.

"सगळं मीच घडवलं" ही गोष्ट मुळात पसरवली ती खुद्द मॅक्लारेनने. पिस्टल्स फुटल्यावर तो जन्मभर हे सांगत राहिला. वादकांनी मात्र त्याला कोर्टात खेचलं आणि १९८६ मध्ये बँडचे हक्क आणि अडकलेला पैसा त्यांच्याकडे परत आला. निकाल लागूनही आपण अजून हरलेल्या बाजूचीच कैफियत वाचत बसतो.

दुसरं, वाजवता येत नव्हतं. अनेकांना येत नव्हतं, मान्य. पण सरसकट नाही. टेलिव्हिजनचा टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या दोन गिटारी ऐका. १९७७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत दहा मिनिटांच्या आसपास जातं आणि कुठेही सैल पडत नाही. जॉनी रामोनचं वाजवणं सोपं वाटतं ना? गिटार घेऊन बघा. साधारणपणे वादकाचा हात तारांवर वर-खाली फिरतो, त्यामुळे परतीची फेरी फुकट मिळते. जॉनी प्रत्येक आघात वरून खालीच करायचा, त्याच भन्नाट वेगात, गाण्यामागून गाणं. मी हे करून पाहिलंय; दीड मिनिटात मनगट भरून येतं आणि लय गडबडते. तो हे तासभर करायचा आणि त्यातूनच तो करवतीसारखा सलग आवाज निघायचा.

तरीही या आक्षेपाचं खरं उत्तर वादकांच्या हातात शोधून मिळणार नाही, ते मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात मिळतं. ४ जून १९७६, लेसर फ्री ट्रेड हॉल. हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी लंडनहून सेक्स पिस्टल्सना बोलावलं होतं. तिकीट पन्नास पेन्स. माणसं आली जेमतेम चाळीसेक. त्या चाळिसांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते. दुसऱ्याच दिवशी हुकने बास गिटार विकत घेतलं आणि पुढे त्या दोघांनी जॉय डिव्हिजन उभा केला. मार्क ई. स्मिथ होता, त्याने द फॉल काढला. पुढे द स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसी होता. बोलावणाऱ्या दोघांचा स्वतःचा बँड बझकॉक्स. त्या संध्याकाळी पिस्टल्स फार ग्रेट वाजले असते, तर ही पोरं टाळ्या वाजवून घरी गेली असती. "हे तर आपल्यालाही जमेल" असं त्यांना वाटलं, ते वाजवण्यातल्या उणिवांमुळेच. रॉकमध्ये तोवर वाद्यांचे डोंगर, महागडे स्टुडिओ आणि मैदानभर अंतरावर उभे असलेले तारे होते. ती भिंत पडली आणि ऐकणारा आत आला.

आत येऊन त्याने काय केलं? बझकॉक्सने घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, १९७६ च्या डिसेंबरअखेर एका दिवसात चार गाणी उरकली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच कंपनीच्या नावाने, हजार प्रती काढल्या. वेष्टनावर कोणतं गाणं कितव्या खेपेला जमलं तेसुद्धा छापलं. हजार प्रती हातोहात गेल्या, पुढे एकूण सोळा हजारांच्या आसपास खपल्या. पाठोपाठ लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सने शे-दीडशे पौंडांत तबकडी काढली आणि गाण्यातूनच ऐकणाऱ्यांना सांगितलं की हे सोपं आहे, स्वस्त आहे, तुम्हीही करा. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या पहिल्या तबकडीचं वेष्टन म्हणजे झेरॉक्स केलेला कागद आणि त्यावर अख्खा हिशेब: ध्वनिमुद्रणाला किती गेले, तबकड्या दाबायला किती, लेबल छापायला किती. कुठे जाऊन करायचं तेही दिलेलं. आपली कला कितीत पडली आणि ती कशी करायची, हे गिऱ्हाइकालाच उघड सांगणारे लोक माल खपवायला आले होते असं मला कुणी सांगू नये.

लिहिणाऱ्यांचंही तेच. मार्क पेरी हा बँकेत कारकुनी करणारा लंडनचा पोरगा. रामोन्सने पेटून त्याने जुलै १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' नावाचं अनियतकालिक काढलं. टाइप केलेला मजकूर, हाताने लिहिलेले मथळे, पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती. वर्षभरात तो आकडा हजारांत गेला. साठच्या दशकात मुंबईत सायक्लोस्टाइलवर निघालेली अनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ते अंक बघून वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. तीच घाई, तीच शाई. "हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा" हे ते प्रसिद्ध चित्र सगळे 'स्निफिन ग्लू'च्या नावावर खपवतात. प्रत्यक्षात ते जानेवारी १९७७ च्या 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्याच एका अनियतकालिकात आलं होतं. श्रेय योग्य जागी गेलं पाहिजे, कारण असे अंक काढणारे गल्लोगल्ली होते.

तिसरा आरोप सगळ्यात गंभीर आहे, आणि त्यातला खरा भाग मी झाकणार नाही. सुरुवातीच्या काळात गायिका सूझी सू आणि पुढे पिस्टल्सचा बासवादक झालेला सिड व्हिशस यांनी नाझी स्वस्तिक अंगावर मिरवलं. वडीलधाऱ्यांना चिडवायला केलं, हा खुलासा मला पुरेसा वाटत नाही. ज्यांची माणसं छळछावण्यांत मेली त्यांना चिडवण्याचा हेतू कळून काय उपयोग? काही बँडच्या कार्यक्रमांना नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाची पोरं येऊन धुडगूस घालायची, हेही खरं.

पण त्यावरून अख्ख्या पंकवर शिक्का मारणाऱ्यांनी ऑगस्ट १९७६ आठवावा. बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परक्यांना देशाबाहेर काढा म्हणणारा आणि स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या राजकारण्याची तळी उचलणारा कुणी पंक नव्हता, तो गिटारवादक एरिक क्लॅप्टन होता. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर नाव कमावलेला, उत्तम वाजवता येणारा. त्याचा निषेध करणाऱ्या एका पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली आणि तिला गर्दी दिली ती पंकच्या चाहत्यांनी. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर स्क्वेअरपासून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा गेला. पार्कात द क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन आणि एक्स-रे स्पेक्स वाजले. ऐंशी हजारांच्या वर लोक जमले.

एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन. वडील सोमाली, आई गोरी ब्रिटिश. १९७६ मध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाला तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर पिस्टल्स पाहिले आणि जाहिरात देऊन बँड जमवला. दातांना तारा, अंगावर दुकानात कुणी घेणार नाही असे भडक कपडे, आणि गाणी प्लॅस्टिकवर, जाहिरातींवर, विकत घेण्याच्या हव्यासावर. कोव्हेंट गार्डनच्या रॉक्सी क्लबात बँडच्या मधल्या वेळात तबकड्या लावायचा डॉन लेट्स, जमैकन आईबापांचा मुलगा. पंकच्या तबकड्या तेव्हा धड बाजारातही नव्हत्या, म्हणून तो रेगे हे जमैकाचं संगीत लावायचा. गोरी पोरं ते ऐकत वाढली. क्लॅशच्या पहिल्या अल्बमवर ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं आहे ते उगाच नाही.

आणि साउथहॉल. पंजाब्यांनी वसवलेला पश्चिम लंडनचा भाग. २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या हल्ल्यात ब्लेअर पीच हा शिक्षक मेला. मिस्टी इन रूट्स या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर डोक्यात बसलेल्या दांडक्याने बेशुद्ध पडला. त्याच मिस्टीच्या 'पीपल युनाइट' लेबलवर त्या वर्षी द रट्स या गोऱ्या पंक बँडची पहिली तबकडी निघाली होती. बेकरवरच्या हल्ल्यावर रट्सने गाणं केलं. दक्षिण लंडनमध्ये तर तीन पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी एका वेल्श आडनावाच्या मित्राला घेऊन एलियन कल्चर नावाचा पंक बँड काढला. ते नाव, म्हणजे 'परकी संस्कृती', आलं जानेवारी १९७८ मधल्या मार्गारेट थॅचर यांच्या वक्तव्यावरून. वेगळ्या संस्कृतीचे लोक येऊन आपण त्यात बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, असं त्या दूरचित्रवाणीवर म्हणाल्या होत्या. घरात एक भाषा, रस्त्यावर शिव्या, आणि रात्री स्टेजवर गिटार. "गोऱ्यांचा उद्योग" म्हणणारे या पोरांना पुन्हा एकदा पुसून टाकतात, आणि मला याचा राग येतो.

चौथं, दोन वर्षांत संपलं. सेक्स पिस्टल्स संपले, जानेवारी १९७८ मध्ये. पंक त्यांच्याबरोबर संपल्याची बातमी वॉशिंग्टनच्या शाळकरी पोरांपर्यंत पोचली नसावी. १९८० मध्ये इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी आपल्या मोडलेल्या बँडची तबकडी काढायला डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केलं. वेष्टनं कशी बनतात हे माहीत नव्हतं, म्हणून एक ब्रिटिश वेष्टन उसवलं, त्याचा साचा घेतला आणि हजार वेष्टनं हाताने कापून, दुमडून, चिकटवली. लेबल पुढे दशकानुदशकं चाललं, परवडणाऱ्या किमतीत. जोहान्सबर्गमध्ये वर्णभेदाचे कायदे असताना काळ्या-गोऱ्यांचा एकत्र बँड, नॅशनल वेक, १९७९ मध्ये उभा राहिला. पूर्व जर्मनीत नामेनलोस या बँडच्या सदस्यांना १९८३ मध्ये गाण्यांच्या शब्दांसाठी तुरुंगात टाकलं. इंडोनेशियातल्या बांदा आचेमध्ये डिसेंबर २०११ मध्ये एका कार्यक्रमातून पोलिसांनी साठहून जास्त पंक पोरापोरींना उचललं, पोरांची डोकी भादरली आणि त्यांना तळ्यात बुचकळून काढलं. संपलेल्या फॅशनची कुठल्याच सरकारला इतकी धास्ती वाटत नाही. मुंबईतही द रायट पेडलर्स हा पंक बँड उभा राहिला.

राहता राहिला टी-शर्ट. रामोन्सचं ते गोल चिन्ह आर्तुरो वेगाने काढलं. मेक्सिकोतून आलेला हा चित्रकार सीबीजीबीच्या जवळच राहायचा. पैसे नसलेल्या जोई आणि डी डी रामोनला त्याने आपल्या जागेत ठेवून घेतलं, बँडची प्रकाशयोजना केली आणि जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला तो गेला. ते कार्यक्रम भरले २,२६३. टी-शर्ट छापून विकायचाही तोच. पहिल्या अल्बमला अमेरिकेत विक्रीची सुवर्ण तबकडी मिळाली २०१४ मध्ये, निघाल्यानंतर ३८ वर्षांनी; बँडचे दौरे चालू राहिले ते त्या टी-शर्टांच्या पैशाने. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरचा गरुड वेगाने घेतला. एका पायातली ऑलिव्हची फांदी काढून तिथे सफरचंदाची दिली, आणि दुसऱ्या पायातले बाण काढून बेसबॉलची बॅट. जॉनीला बेसबॉल आवडायचं म्हणून.