‘त्यांना शिकायचंच नसतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका निदेशकाचं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: आयटीआयला येणारी पोरं म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेला गाळ, त्यांना शिकायचंच नसतं. गैरहजर राहणाऱ्याचं नाव पहिल्याच महिन्यात काढा, बाकीचे आपोआप सरळ येतात. निदेशकाने ट्रेड शिकवावा, पोरांच्या घरच्या भानगडीत पडू नये. आणि तसंही आता सगळं यूट्यूबवर आहे. शेवटी हात जोडल्याचे दोन इमोजी. आमच्यातल्याच काही जणांनी तो पुढे ढकललाय, म्हणून हे लिहितोय. मी फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे, म्हणजे आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवणारा मास्तर.

आधी तो ‘गाळ’. शासकीय आयटीआयचा प्रवेश गुणवत्ता यादीने होतो, आणि इलेक्ट्रिशियन, फिटरच्या जागांसाठी चांगली चुरस असते. वेल्डर, वायरमनला दहावी नापासही चालतो, हे खरं. पण तो नापास झाला कागदावर. हाताने तो अजून कुठे बसलाय परीक्षेला?

आमच्याकडे पहिल्या वर्षी सुरुवातीचे कित्येक दिवस नुसती कानस चालते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, धरायचा आणि ट्रायस्क्वेअरच्या (काटकोन तपासायच्या गुण्याच्या) पात्याखालून उजेड दिसायचा बंद होईपर्यंत घासत राहायचं. मागे एक मुलगा होता, अंगाने बारीक, उंचीला कमी. त्याच्या जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, कायम पोट यायचं, म्हणजे मध्ये फुगवटा आणि कडा खाली. महिन्याभरात त्याने कानस हातात घेणंच सोडलं. मोबाइल घेऊन खिडकीपाशी उभा. मीही मनातल्या मनात ‘याला करायचंच नाही’ असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

एक दिवस काही कारणाने त्याच्या शेजारी दहा मिनिटं उभा राहिलो, तेव्हा दिसलं. व्हाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या रेषेत हवी, हे आम्ही थिअरीत शिकवतो, फळ्यावर आकृतीही काढतो. त्याच्या बाबतीत ती कड पार छातीकडे सरकली होती. हातावर जोर येईना, कानस पुढे जाताना झुलायची, पोट येणारच. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या ठोकून त्याच्या पायाखाली पाट केला. चौथ्या दिवशी तो जॉब घेऊन स्वतः आला, ‘सर, उजेड बघा.’ उजेड नव्हता. शिकायचं नसलेला मुलगा तो हाच.

वर्नियरचं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीचंही तेच. ०.०२ मिलिमीटर म्हटलं की अर्धा वर्ग माना खाली घालतो, कारण दशांश सातवीतच सुटलेला असतो. पण हीच पोरं दुकानावर पैशांचा हिशेब चुकवत नाहीत. मी आता सरळ सांगतो: मुख्य पट्टीवर २३, म्हणजे २३ रुपये. जुळणारी रेघ सतरावी, एका रेघेचे दोन पैसे, सतरा दुणे चौतीस. किती झाले? २३.३४. तेवढ्यावर निम्मी भीती जाते.

हजेरीचं म्हणाल तर परीक्षेला बसायला ८० टक्के लागते, आणि ती अट असावीच. पण रजिस्टर उभं वाचा, आडवं नाही: कोण किती दिवस नव्हता यापेक्षा कोणत्या वारी नव्हता ते बघा. आमचा एक जण फक्त गुरुवारी गायब असायचा. गुरुवार म्हणजे तालुक्याचा बाजार, आणि भाजीच्या पालावर वडिलांना दुसरा माणूस नाही. नाव काढलं असतं तर तो शुक्रवारीही पालावरच बसला असता, सरळ वगैरे कोणी आलं नसतं. वडिलांना फोन केला, दोनदा केला, दुसऱ्यांदा ते ऐकले. सकाळ माझी, दुपारनंतरचा बाजार त्यांचा, असं ठरलं. ज्यांना यात लाड दिसतात त्यांना एवढंच सांगतो की या मुलांचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं. २०२३ मध्ये ते ५०० झालं. बाजाराच्या एका दिवसाची कमाई याच्याशी ताडून बघा, मग ‘घरच्या भानगडी’ हा शब्द वापरा.

सगळे टिकतात असं मात्र नाही. एकाला इलेक्ट्रिशियन हवा होता, मिळाला फिटर. मी बरंच बोललो, त्याने बरंच ऐकलं आणि दिवाळीनंतर आला नाही.

‘निदेशकाने फक्त ट्रेड शिकवावा’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ट्रेड येतो म्हणजे शिकवता येतो, असं असतं तर निदेशकांसाठी सीआयटीएस हा वर्षभराचा अभ्यासक्रम आणि त्यात प्रशिक्षण पद्धती हा विषय कशाला ठेवला असता?

राहिलं यूट्यूब. मीही दाखवतो, विशेषतः जी मशीन आमच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी. पण परवाच एक मुलगा ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालून उभा राहिला. रीलमध्ये तसंच होतं म्हणे, आणि सेफ्टीसाठी घातले असं त्याचं प्रामाणिक म्हणणं. फिरत्या ड्रिलने मोज्याचा एक धागा पकडला की मागोमाग बोट जातं. व्हिडिओने त्याला मोजे दाखवले, ते काढायला लावायला तिथे माणूस लागला.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाही, खरं तर तीच हवी होती. कित्येक ठिकाणी निदेशक तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे मिळतात, ते वेळेवर मिळतातच असं नाही, आणि रिकाम्या पदांमुळे एकाच्या गळ्यात दोन तुकड्या पडतात. अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की एकेका पोराशेजारी दहा मिनिटं उभा राहा? तरी विचारतात तेव्हा सांगतो, रोज एकच पोरगा. वीस जणांच्या तुकडीला महिना लागतो.