हाडाच्या पावडरीचा तो फॉरवर्ड आणि पिंपळगावच्या काकांची कॅन्सल झालेली अपॉइंटमेंट

मागच्या पंधरा दिवसांत पंचवटीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात तीन पेशंटनी तोच एक मेसेज मोबाइलवर काढून दाखवला. वर 'सावधान', आणि खाली असं की दाताचा इम्प्लांट, म्हणजे नवा दात धरायला जबड्याच्या हाडात पिळतात तो टायटॅनियमचा स्क्रू, बसवताना डॉक्टर जी हाडाची पावडर भरतात ती गाईची नाहीतर मेलेल्या माणसाची असते, शरीर ती कधीच स्वीकारत नाही, आतल्या आत सडते, परदेशात ती केव्हाच बंद झालीय, इकडे फक्त बिल वाढवायला टाकतात, चांगला इम्प्लांट आठवड्यात पक्का होतो आणि जखमेत हळद भरली की बास. पिंपळगाव बसवंतचे एक काका आहेत, द्राक्षवाले, त्यांनी हे वाचून मुलाला फोन करायला लावला आणि अपॉइंटमेंटच कॅन्सल केली. त्यांची खालची दाढ काढून चार महिने झालेत, तिथलं हाड रोज थोडं थोडं झिजतंय आणि इकडे मेसेज फिरतोय, म्हणून लिहायला बसले.

पहिलं, 'गाईची नाहीतर मेलेल्या माणसाची'. यात खरं आहे ते आधी सांगते, कारण ते लपवलं तर पुढचं कोणी ऐकणार नाही. हो, बाजारात गाईबैलांच्या हाडापासून केलेलं मटेरियल आहे आणि जगभर खूप वापरलं जातं. डुकराच्या हाडाचंही आहे. दान केलेल्या मानवी हाडाचंही आहे, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे दात्याची तपासणी होते, हाड धुऊन, गोठवून, वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. पण मेसेजवाला दोन प्रकार खाऊन गेला. एक, पेशंटचं स्वतःचंच हाड, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून घेतलेलं. आणि दुसरं, पूर्ण कृत्रिम, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, नाहीतर बायोॲक्टिव्ह ग्लास, जी लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत शोधली. यात कुठल्याच प्राण्याचा संबंध नाही. आणि जनावराचं हाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर खाटकाचं दुकान येतं, तसं ते नसतं, उष्णता आणि रसायनं वापरून त्यातली चरबी, पेशी, प्रथिनं काढतात, उरतो तो मुख्यतः कॅल्शियम-फॉस्फेटचा जाळीदार सांगाडा. काचेच्या छोट्या बाटलीत अर्धा ग्रॅम येतो, दाणा जाड रव्याएवढा, पांढरा, कोरडा, कसला वास नाही.

तरी ज्याला नको त्याला नको, हा त्याचा हक्क आहे आणि यात डॉक्टरांची चूक होते ती मी मान्य करते, कारण मीही केलीय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी 'हाडाची पावडर भरते' एवढंच सांगायचे. एका जैन आजींनी टाके काढताना विचारलं, बाई ती कशाची होती? मी खरं सांगितलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, रुमालाने तोंड पुसलं आणि उठून गेल्या. तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी आधी विचारते, आणि तुम्हीही विचारा. फक्त पावडरीचं विचारून थांबू नका, त्यावर जो पातळ पडदा ठेवतात तो कोलॅजनचा असेल तर बहुतेक गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीतून येतो, कॅटगटचा टाका जनावराच्या आतड्यापासून होतो, सिल्कचा टाका रेशमाचा. तिन्हीला पर्याय आहेत, फक्त आधी सांगायला हवं, खुर्चीवर भूल दिल्यावर नाही.

आता 'शरीर स्वीकारत नाही, आत सडते'. हा सगळ्यात मोठा गैरसमज. ही पावडर भरण्याला आम्ही डॉक्टर ग्राफ्ट म्हणतो, आणि तो त्या शब्दामुळेच झालाय. काका मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, ताई ग्राफ्ट म्हणजे कलमच ना, मग खुंट कोणाचा अन् काडी कोणाची? डॉगरिज वेलीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम करणाऱ्या माणसाने असं विचारणं साहजिकच आहे. कलमात दोन्ही बाजू जिवंत, एकमेकींना धरल्या नाहीत तर कलम मरतं. ही पावडर तशी नाही, तिच्यात जिवंत काहीच नाही, मग अवयव नाकारतात तशी शरीराने ती नाकारायची तरी कशी? ती कलम नाही काका, तो मांडव आहे. अँगल उभे केले, तारा ओढल्या, पण वेल तुमचा तुम्हालाच वाढवायचाय. दाण्यांच्या मधल्या पोकळीत आधी रक्ताची गुठळी धरते, मग तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्याबरोबर हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि दाण्यादाण्याला धरून तुमचंच नवं हाड तयार होतं. कृत्रिम ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा मांडव काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात बराचसा विरघळून जातो, गाईच्या हाडाचे दाणे मात्र वर्षानुवर्षं राहतात, नव्या हाडात गुरफटलेले. राहतात म्हणजे सडत नाहीत, उलट जिथे हाड पुन्हा झिजण्याची भीती असते तिथे ते राहतात म्हणूनच वापरतात.

आणि तो पडदा का, तर हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार जोरात वाढतात, मोकळी जागा दिसली की आधी त्या घुसतात आणि मग हाडाला जागाच उरत नाही. बागेत मल्चिंग पेपर कशाला टाकता, तणाने जागा खाऊ नये म्हणूनच ना, तसंच.

पाच महिन्यांनी जेव्हा मी ती जागा पुन्हा उघडते आणि ड्रिल फिरवते तेव्हा ड्रिलच्या खाचांत लालसर भुगा अडकून येतो आणि भोकाच्या कडेने रक्त पाझरतं. मेलेल्या, सडलेल्या वस्तूतून रक्त येत नाही. मी पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून तो भुगा दाखवते.

फेल होतच नाही का? होतं. टाके उसवले, वरची हिरडी फाटली की दाणे बाहेर यायला लागतात, पेशंट सांगतो की जेवताना वाळू लागतेय, कधी जंतुसंसर्ग होऊन सगळंच धुऊन काढावं लागतं. पण त्यामागे बहुतेक वेळा मिश्री, तंबाखू, बिडी-सिगरेट नाहीतर कंट्रोलमध्ये नसलेली शुगर सापडते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी माझ्या पेशंटच्या खिशात पुडी निघते, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. आणि हाडं ठिसूळ झाल्याची किंवा कॅन्सरची इंजेक्शनं चालू असतील तर ते आधी सांगाच, त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून यायलाच अडचण होते.

'आठवड्यात पक्का होतो' हे वाचून मला खरंच राग आला, कारण याने नुकसान होतं. इम्प्लांट बसवतो त्या दिवशी तो घट्टच असतो, भिंतीत स्क्रू पिळल्यासारखा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत शरीर त्याच्या भोवतीचं दुखावलेलं हाड काढत असतं आणि नवं अजून पुरतं आलेलं नसतं, म्हणजे तो पहिल्या दिवसापेक्षा तेव्हाच जास्त नाजूक असतो! पेशंटला मात्र त्याच वेळी वाटतं की दुखत नाही, सूज नाही, चला मिसळीबरोबर कडक पाव चावू. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम चिकटलेलं दिसलं, माणसाला त्यांनी पहिले इम्प्लांट १९६५ मध्ये बसवले, आणि त्यांची जुनी पद्धत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबायची होती. आता काही केसमध्ये दात लवकर देता येतो, पण हाड जुळायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि ग्राफ्ट केलं असेल तर जास्तच. त्या पहिल्या पेशंटचे, योस्ता लार्सन यांचे, इम्प्लांट २००६ मध्ये ते वारले तोपर्यंत टिकले, चाळीस वर्षं.

हिरडीचंही ऐका. खऱ्या दाताला हिरडीचे धागे आडवे घुसून धरतात, इम्प्लांटभोवती ते बहुतेक नुसते समांतर नाहीतर गोल वेढून राहतात, रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे तिथे घाण साचली की सूज थेट हाडापर्यंत लवकर पोचते. कॅप बसली की संपलं असं नाही, दाताच्या फटीतला ब्रश आयुष्यभर.

'बिल वाढवायला'. प्रत्येकाला ग्राफ्ट लागत नाही हे खरंय आणि विचारायलाच हवं. सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, समोर ठेवून विचारा की माझ्या हाडाची रुंदी किती मिलिमीटर. चार मिलिमीटरचा इम्प्लांट असेल तर दोन्ही बाजूंना निदान एक-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं, तेवढं असेल तर पावडर कशाला? पण दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यामुळे 'बघू पुढच्या सीझनला' करत बसलात तर न लागणारं ग्राफ्टही लागायला लागतं.

परदेशात बंद, हे साफ खोटं. अमेरिका-युरोपात आजही रोज वापरतात.

हळद भाजीत घाला, जखमेत नाही. घरातली हळद निर्जंतुक नसते आणि ती बोटाने कोंबताना ज्या गुठळीवर सगळं उभं राहायचंय तीच निघून येते. पहिले चोवीस तास चूळसुद्धा जोरात भरायची नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, हळूच.

काकांना मी परवा परत फोन केला, अर्धा तास बोललो. येत्या गुरुवारी येतायत, कृत्रिम मटेरियल ठरलंय, पडदाही प्राण्याचा नको म्हणाले. बॉक्सवर लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो एक माझ्या फाइलला आणि एक त्यांच्या कार्डावर चिकटवणार आहे. आणि मिश्री सोमवारपासूनच बंद करायला सांगितलीय, त्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती, मग काकूंनीच फोन घेतला आणि म्हणाल्या, डबी मी उचलून ठेवलीय.