फोंताइन्हासच्या घरातला स्टीलचा ओटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

पणजीच्या फोंताइन्हासमधल्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या दुरुस्तीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. जुन्या घरासाठी कुणी इतकं चिडतं, याचं मला बरंच वाटलं. तुमचे आक्षेप तीन. स्टीलच्या ओट्याने घराची कळा गेली. दोन खिडक्यांना शिंपल्यांऐवजी काच बसवली. आणि चुन्याचा गिलावा हा वायफळ खर्च, कारण म्हापशाच्या तुमच्या घराला सिमेंट लावूनही काही बिघडलं नाही.

खिडक्यांचं आधी सांगते. गोव्याच्या जुन्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेला हा चपटा, उजेड झिरपू देणारा शिंपला गोव्यातल्याच चिखलीच्या खाडीत सापडतो, पण ती प्रजाती आता कायद्याने संरक्षित आहे. नवा शिंपला आणायचा कुठून? मोडक्या झडपांतले शाबूत शिंपले काढून रस्त्याकडच्या खिडक्या पुऱ्या केल्या; मागच्या दोन खिडक्यांना ते उरले नाहीत. शिंपल्यासारखं दिसणारं प्लॅस्टिक बसवायला मी तयार नव्हते आणि नाही. जुन्याची नक्कल जुन्याशेजारी ठेवली की खरं काय तेच पुढच्या माणसाला कळेनासं होतं.

ओट्यामागचा विचारही हाच. तो स्वतःच्या पायांवर उभा आहे, नळ भिंतीवरून उघडे नेलेत, चिऱ्यात, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडात, एकही खाच मारलेली नाही. पुढे कुणाला नको झाला तर उचलून बाहेर काढता येईल. जमिनीवर घालायला तुम्ही सुचवलेल्या फरश्या मात्र मला भीतीदायक वाटतात. तिथली जमीन लाकडी तुळयांवर आहे. फरशीखाली नुसता ५ सेंटिमीटरचा सिमेंटचा थर घातला तरी दर चौरस मीटरला १०० किलोंहून जास्त वजन चढतं, फरशीचं वेगळंच.

आता चुना. या मुद्द्यावर मी तसूभरही मागे हटणार नाही. चिरा सच्छिद्र असतो. आपल्या पावसात तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडते. सिमेंटचा थर तिला कोंडतो, क्षार पृष्ठभागाशी साचत जातात आणि काही वर्षांनी गिलाव्याचे पोपडे निघतात. ते तरी डोळ्यांना दिसतं. तुळयांची टोकं भिंतीत बसवलेली असतात, ती त्या कोंडलेल्या ओलीत आतून कुजतात, आणि बाहेरून भिंत छान गुळगुळीत दिसत राहते. म्हणून ‘काही बिघडलं नाही’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

एक कराच. पावसाळा संपला की गिलाव्यावर ठिकठिकाणी टकटक करून बघा; पोकळ आवाज आला तर तिथे तो भिंतीपासून सुटलाय. मग तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर हलकेच टोचून पाहा. लाकूड मऊ लागलं, तर रंगाऱ्याच्या आधी जुन्या घरांची कामं केलेल्या सुताराला बोलवा.