चिपवर अधिकारवाणीने कसं बोलावं

सगळ्यात आधी, चिप म्हणजे काय हे वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलं की शंका येतात आणि शंका आल्या की आवाज चढत नाही. तुमचा पक्ष कोणता एवढं पक्कं असलं की झालं, बाकी चिपचं चिप बघून घेईल.

चिपवरचं काम किती बारीक ते सांगतो म्हणतात तो नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितकी आपली अक्कल मोठी, हे पाठ करा. गुजरातेत धोलेऱ्याला २८ नॅनोमीटरचा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, होतोय म्हटलं की 'हॅ, जग ३ वर गेलं' म्हणून हसायचं. त्या ३ नॅनोमीटरवाल्या चिपमध्ये ३ नॅनोमीटरचं काहीच नसतं, ते नुसतं विकायचं नाव आहे, असं कोणी सांगायला लागला तर त्याला पाणी आणायला पाठवा. २०२१ ला बुक केलेल्या गाड्यांसाठी लोक महिनोन्‌महिने थांबले ते बरेचसे असल्या जुन्याच साईजच्या चिप मिळत नव्हत्या म्हणून, पण ते तेव्हाचं तेव्हा.

वेदांता आणि फॉक्सकॉन या कंपन्यांच्या चिप कारखान्याचा वाद कधीच सोडू नका. २०२२ ला तळेगावऐवजी गुजरातेत जायचं ठरलं, जुलै २०२३ ला फॉक्सकॉनच बाहेर पडली, विषय संपला. पण आपण अजून 'तुम्ही पळवला' 'तुम्हीच घालवला' करायचं आणि जो कारखाना ना इथे उभा राहिला ना तिथे, त्याच्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकायचं.

मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याची १९८९ ची आग निघाली की फक्त डोळे बारीक करून मान हलवा.

सगळ्यात बारीक चिप छापायला लागणारं ईयूव्ही मशीन जगात एकच डच कंपनी बनवते हे चुकूनही बोलू नका, 'मग आपण का नाही बनवत' सुरू होतं आणि जेवण गार होतं.

आता मुख्य टीप. समोरचा खरंच चिपमध्ये काम करणारा निघाला तर? गेल्या रविवारी मुलुंडला एका साखरपुड्यात मुलीकडच्या काकांनी हे करून दाखवलं. मी म्हटलं, मी व्हेरिफिकेशनला आहे. 'म्हणजे डिझाईन दुसरे करतात, तुम्ही नुसतं तपासता?' आख्खं टेबल हसलं. हो काका, नुसतं तपासतो. डिझाईनवाला कोड लिहितो, हो, कोडच असतो तो, आणि आम्ही रात्र रात्र सिम्युलेशन लावून त्यात चुका शोधतो, कारण एकदा टेपआउट झालं, म्हणजे डिझाईन कारखान्यात बनवायला गेलं, की झालं, नुसत्या मास्कचेच, म्हणजे चिप छापायच्या साच्यांचेच, कोटीत पैसे जातात, चिप हातात यायला महिने लागतात आणि त्यानंतर चूक सापडली तर तुमच्या बँकेच्या ॲपसारखं उद्या सकाळी अपडेट नाही सोडता येत, सिलिकॉन आहे ते! १९९४ ला पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकतोय असं निघालं, कारण काय तर आतल्या एका तक्त्यातल्या थोड्याशा नोंदी राहून गेल्या होत्या, त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. मोठ्या चिपवर कितीतरी ठिकाणी डिझाईनवाल्यांपेक्षा तपासणारे जास्त असतात काका, उगाच पगार देत नाही कोणी. अर्थात यातलं मी काहीच बोललो नाही. काका तोवर 'चीनने करून दाखवलं, आपल्याकडे इच्छाशक्ती नाही' वर पोचले होते, मुलाकडचे मामा 'दोन वर्षांत तैवान गार' म्हणत होते, आणि माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

'आपल्याकडे टॅलेंट नाही' आणि 'सगळं टॅलेंट आपलंच' ही दोन्ही वाक्यं एकाच पंगतीत चालतात.

जाऊ दे, बास झाल्या टिपा. वीट आलाय खरं सांगायचं तर. देशी चिप, देशी चिप करून एक जण छाती फुगवतो, दुसरा बडवतो, आणि घरातली पोरगी इलेक्ट्रॉनिक्स करून व्हीएलएसआयला, म्हणजे चिप डिझाईनलाच, जाते म्हणाली की दोघंही तिला सांगतात, 'त्यात स्कोप नाही गं, सरळ आयटीत जा'. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन चिप कंपनी १९८५ ला बंगळूरला आली, म्हणजे चाळीस वर्षं आपली माणसं हे काम करतायत, त्यातलं कोण काय करतं हे कधी विचारलंत? पवईच्या आयआयटीत अजित नावाचा मायक्रोप्रोसेसर मुळापासून डिझाईन झाला, २०१९ ला जाहीर झाला, मोहालीला १८० नॅनोमीटरवर बनला. पवई हो, मुलुंडहून रिक्षाने जाता येतं! ऐकलं होतं नाव? नाही ना? कुठल्या पुढाऱ्याने कुठल्या सभेत काय म्हटलं ते तारखेसकट पाठ, आणि ताटाला ताट लावून बसलेल्या माणसाला 'तू दिवसभर नक्की काय करतोस रे' एवढं विचारायला तोंड उघडत नाही. गप जेवा मग.