थंड हर्बल टी पानाफुलांचाच हवा, बाटलीतल्या पाकाचा नको

ठाण्यातल्या कॉफी शॉपवाल्यांकडे माझी मनापासून एक मागणी आहे. मेन्यूत ‘आइस्ड हर्बल टी’ लिहिता ना, मग तो खरोखर पानाफुलांपासून करा. रंगीत पाक, पाणी आणि बर्फ ढवळून आमच्या पुढ्यात ठेवू नका. हे पेय कॉफी न पिणाऱ्यांच्या समाधानासाठी मेन्यूच्या तळाशी टाकायचं नाहीच. नीट केलं तर मे महिन्यातल्या ठाण्यात याच्याइतकं सुंदर दुसरं काही मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नौपाड्यातल्या एका छोट्या कॉफी शॉपमध्ये तो मला हवा तसा मिळतो. काउंटरवरची मुलगी गडद लाल, सुकून चुरगळलेली फुलं वजनकाट्यावर मोजून घेते आणि काचेच्या किटलीत टाकते. वरून उकळतं पाणी ओतून लगेच झाकण लावते. पाणी आधी फिकट गुलाबी होतं, मग तळातून रंग चढत जातो आणि दोन-तीन मिनिटांत किटलीभर दाट लाल अर्क उतरतो. तोपर्यंत ती उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरून ठेवते. अर्क त्यावर ओतला की बर्फ तडतडतो. मी तिला विचारलं, “एवढी फुलं का गं घालतेस?” तर म्हणाली, “ताई, अर्धा ग्लास तर बर्फाचंच पाणी होणार. म्हणून आधीच दुप्पट कडक करायचा.” सगळी मेख तिथेच आहे. गरम प्यायच्या हिशेबाने केलेला चहा बर्फावर ओतला की त्याचं नुसतं रंगीत पाणी होतं. घाई नसेल तर हीच फुलं थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. तो चहा जास्त सौम्य उतरतो.

मेन्यूवर ज्याला ‘हिबिस्कस’ म्हणतात, ती आपल्या देवपूजेतली जास्वंद नव्हे. त्याच कुळातली लाल अंबाडी. आणि आपण ज्याला फूल समजतो ते खरं तर फूल गळून पडल्यावर बोंडाभोवती राहणारं मांसल लाल आवरण असतं. आमच्या सासूबाई नांदेडकडच्या. त्यांना पहिल्यांदा नौपाड्यातल्या त्या दुकानात घेऊन गेले, तेव्हा एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “अगं, ही तर अंबाडीची बोंडं! आम्ही याची चटणी करायचो.” शेतातली अंबाडी त्यांनी हाताने खुडलेली, त्यामुळे चवीला त्या चुकणं शक्यच नव्हतं. इजिप्त आणि सुदानमध्ये हेच पेय ‘करकदे’ म्हणून गरम आणि थंड दोन्ही पितात, मेक्सिकोत उन्हाळ्यात ‘हमाइका’ म्हणून पितात. म्हणजे जगभरातल्या उन्हाच्या प्रदेशांनी आपापल्या परीने हेच शोधून काढलंय. त्याचा आंबटपणा लिंबासारखा टोचत नाही, जिभेच्या कडांवर रेंगाळतो.

सासूबाईंना मधुमेह आहे. लग्नाकार्याला, हॉटेलात, कुठेही गेलं तरी त्यांच्या वाट्याला साधं पाणी नाहीतर बिनसाखरेचा चहा. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर आमच्यासारखाच उंच ग्लास पुढे घेऊन, स्ट्रॉने सावकाश पीत बसल्या होत्या. “आई, साखर अजिबात नाहीये हं यात,” असं मी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी दुसरा घोट निवांत घेतला. मला या पेयाचं एवढं कौतुक का, याचं निम्मं उत्तर यात आहे. कॉफी शॉप ही आता आपल्याकडे नुसती कॉफी प्यायची जागा राहिलेली नाही. ती बसायची, बोलायची जागा आहे. तलावपाळीला बसायला कुणाला आवडत नाही, पण मेच्या उकाड्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळी साठीपुढच्या माणसाला तिथे तासभर बसवून दाखवा! मग ज्यांना साखर चालत नाही, ॲसिडिटीमुळे कॉफी चालत नाही, झोप उडते म्हणून संध्याकाळचा चहाही चालत नाही, त्यांनी काय प्यायचं?

झोपेचं तर फारच खरं आहे. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून निघून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे सहा वाजता घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफिन रात्री अकराला अंगात असतंच. अंबाडी, गवती चहा, पुदिना, कॅमोमाइल, दक्षिण आफ्रिकेतला रूइबॉस यांत कॅफिन मुळातच नसतं. गडकरी रंगायतनला रात्रीचा नाटकाचा प्रयोग पाहायचा असेल, तर आधी संध्याकाळी हे प्यावं आणि घरी येऊन शांत झोपावं.

आता ज्याचा मला खरंच राग येतो ते सांगते. एका मोठ्या, झगमगीत ठिकाणी मी “हर्बल काय आहे?” असं विचारलं, तर “ग्रीन टी आहे ना मॅडम” असं उत्तर आलं. ग्रीन टी हा त्याच चहाच्या झाडाचा पाला. त्यात कॅफिन असतं. गरोदर बाईने किंवा झोपेची तक्रार असणाऱ्याने विश्वासाने विचारलं आणि त्यांना हे हातात दिलं तर? दुसऱ्या एका ठिकाणी ‘हिबिस्कस कूलर’ मागवला, तर माझ्यासमोर बाटलीतून पाक ओतला, वर पाणी, बर्फ आणि सजावटीला पुदिन्याचं एक पान. असा पाक ३० मिली घातला तरी त्यात साधारण २० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं, असं सांगते. ते होतात साधारण २५ ग्रॅम. म्हणजे ‘हेल्दी’ म्हणून मागवलेल्या एका ग्लासात दिवसभराची साखर संपायला आली. अडीचशे रुपये द्यायला माझी ना नाही. जागा, एसी, भाडं, पगार सगळं त्यात येतं. पण मग मेन्यूत सरळ सरबत लिहा. सरबतात काही वाईट नाही, लोकांना कळू तरी दे ते काय पीत आहेत.

आणि पानं आणायला लांब कुठे जायचंय? जांभळी नाक्याच्या बाजारात गवती चहाची जुडी काही रुपयांत मिळते. आपण तो फक्त आल्याबरोबर दुधाच्या चहात घालतो, नाहीतर सर्दी-पडशाला काढा करतो. तोच कात्रीने बारीक कापून, झाकण ठेवून पाचेक मिनिटं उकळून गाळा आणि भरपूर बर्फावर ओता. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून झाकण विसरायचं नाही. सोसायटीच्या कुंपणावर चढलेली निळी गोकर्ण घ्या. तिचा निळा चहा लिंबू पिळताच जांभळा होतो, कारण त्यातलं रंगद्रव्य आंबटात रंग बदलतं. लहान मुलं यासाठी ग्लासावरून नजर हलवत नाहीत.

पुदिन्याचं तर विशेषच. त्यातलं मेंथॉल आपल्या मज्जातंतूंवरच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चेतवतं, त्यामुळे पेय आहे त्याहून जास्त गार वाटतं. ही ग्राही मेंथॉलच्याच मदतीने शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या कामासाठी २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. घामाघूम होऊन ठाणे स्टेशनचा पूल उतरून आलेल्या माणसाला बर्फ घातलेला पुदिन्याचा चहा देऊन बघा.

नैसर्गिक आहे म्हणून कुणालाही, कितीही चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरू शकतो, त्यामुळे त्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात तर विचारल्याशिवाय नकोच. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जपून. काही तयार मिश्रणांत गोडीसाठी ज्येष्ठमध घातलेला असतो, तो जास्त झाला तर रक्तदाब वाढवतो. कॉफी शॉपने कशात काय घातलंय हे पाटीवर लिहायला काय हरकत आहे?

माझी तुम्हालाही विनंती आहे. पुढच्या वेळी काउंटरवर तीन गोष्टी विचारा: पानं की पाक, साखर आधीच घातली आहे का, आणि यात चहापत्ती आहे का. गिऱ्हाइकं विचारायला लागली की दुकानं बदलतात, नौपाड्यातलं ते दुकान आधी बाटलीच वापरायचं. आणि घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे किंवा वाशी-नेरूळच्या बाजूला कुठे पानं उकळून देत असतील, तर मला जरूर कळवा. माझ्या धाकट्या बहिणीसाठी हवंय, तिला सध्या कॉफी बंद आहे.