बाई आली, बाई आल्या

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा या भागांत वाढलेल्या आणि आता चहूकडे पांगलेल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहावर अलीकडे एका निवृत्त शिक्षिकेच्या निधनाची बातमी आली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्याखाली एवढेच लिहिले की आमच्या बाई गेल्या. त्यावर बडोद्यातच जन्मलेल्या, पण इंग्रजी माध्यमात शिकलेल्या एका तरुणाने अगदी नम्रपणे सुचवले की बाई हा शब्द घरकामाला येणाऱ्या स्त्रीसाठी वापरतात, तेव्हा इतक्या मानाच्या व्यक्तीला मॅडम म्हणणे बरे. मग श्रद्धांजली बाजूला राहिली आणि शब्दावरूनच वाद पेटला. ज्येष्ठांनी जमनाबाई, चिमणाबाई आणि इंदूरच्या अहिल्याबाई यांची नावे पुढे करून तरुणाला अडाणी ठरवले. तरुणांच्या बाजूने उत्तर आले की भाषा बदलते आणि आज जो अर्थ चालतो तोच खरा. मध्येच एका बाईंनी लिहिले की त्यांच्या आईने चार घरची धुणीभांडी करून मुलांना शिकवले, तिला सगळे बाईच म्हणत, तर त्यात कमीपणा नेमका कोणता ते कोणीतरी सांगावे. या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. मला मात्र सबंध वादात तोच प्रश्न महत्त्वाचा वाटला.

ज्येष्ठांची बाजू मला मनापासून समजते, कारण आमच्या गावाच्या इतिहासात हा शब्द फार उंचीवर बसलेला आहे. १८७५ साली सयाजीराव महाराजांना दत्तक घेणाऱ्या महाराणी जमनाबाई होत्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा १८९६ साली उभा राहिला तो सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ, आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी, त्याही चिमणाबाईच, १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. त्याही मागे तेराव्या शतकापर्यंत गेलो तर मुक्ताबाई आणि जनाबाई आहेत, आणि चक्रधरांच्या शिष्या बाइसा आहेत. परंतु एखादा शब्द पूर्वी मानाचा होता हे सिद्ध केल्याने तो आजही मानाचा आहे हे सिद्ध होत नाही. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा लेख, तालीम म्हणजे शिकवणे, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत साहस म्हणजे बळजबरीने केलेला गुन्हा, जो मनुस्मृतीने चोरीच्या जोडीला वादाच्या १८ विषयांत घातला आहे. आज मुलीच्या साहसाचे कौतुक करणाऱ्या माणसाला हा मूळ अर्थ दाखवून गप्प बसवणे जितके निरर्थक, तितकेच त्या तरुणाला अहिल्याबाईंचे नाव सांगून गप्प बसवणे निरर्थक आहे. त्याच्या कानावर जे पडत आले तेच त्याने सांगितले.

पण आजचा अर्थ तोच खरा म्हणणाऱ्यांनाही विचारले पाहिजे की कोणाचा आज आणि कुठला आज. महाराष्ट्रातील मराठी शाळांत मुले अजून शिक्षिकांना बाई म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बडोद्यात मराठी शाळा आटत गेल्या, शाळेतल्या बाई बोलण्यातून नाहीशा झाल्या आणि घरातली बाई तेवढी उरली. गुजरातीतही बाई म्हटले की कामवालीच आठवते, म्हणून आमच्याकडे त्या शब्दाचा एकच पदर शिल्लक राहिला. उत्तरेकडचा अर्थ आणखी निराळा. तेथे गाणाऱ्या बाईचा संबंध तवायफांच्या कोठीशी जोडला गेला, आणि अख्तरीबाई फैजाबादी लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या. याच काळात आणि याच कलेत मराठी मुलखात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि ज्यांच्या नावात आमचे गाव कायमचे राहिले त्या हिराबाई बडोदेकर यांनी आपल्या नावातली बाई शेवटपर्यंत सोडली नाही. हिराबाईंनी तिकीट लावून, भर सभागृहात, प्रतिष्ठित घरांतील स्त्रीपुरुषांसमोर गायला सुरुवात केली तेव्हा बाईचे गाणे या शब्दांना चिकटलेला जुना वास त्यांच्या वागण्याने आणि गाण्याने पुसला गेला. शब्द एक आणि पेशाही एक, तरी एका प्रांतात तो शब्द टाकावा लागला आणि दुसऱ्या प्रांतात तो मानाने टिकला. मला वाटते, शब्दांच्या अर्थावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण आधी समोर ठेवावे, कारण शब्द चढतो किंवा उतरतो, ते तो ज्यांना लावला जातो त्यांच्याशी समाज कसा वागतो त्यावरून, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

आता मराठीच्या व्याकरणाकडे पाहू. शाळेच्या ओसरीवर मुले कुजबुजतात, “गप्प बसा, बाई आल्या.” त्याच मुलांच्या घरी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज येतो, “बाई आली का गं?” शब्द तोच असला तरी आल्या आणि आली यांत सगळे अंतर साठलेले आहे. आदर किंवा अनादर मराठी माणूस क्रियापदात ठेवतो आणि नामाला उगीच दोष देतो. ज्या तरुणाला बाई हा शब्द हलका वाटला, त्याने तो लहानपणापासून एकवचनी क्रियापदासोबतच ऐकला असणार, आणि ते क्रियापद त्याला घरातल्या मोठ्यांनीच दिले. समूहावर त्याला अडाणी म्हणणाऱ्या ज्येष्ठांपैकी किती जणांच्या घरी सकाळी बाई आल्या असे म्हणतात, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

मी राहते त्या जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात शब्दांच्या बदलत्या अर्थांचा हा विषय टाळणे कठीण आहे, कारण येथील विद्यापीठातून १८३७ साली बडतर्फ झालेल्या सात प्राध्यापकांत परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू होते आणि त्यानंतर त्यांनी हाती घेतलेला जर्मन शब्दकोश त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पूर्ण झाला. प्रत्येक शब्द कोणत्या काळात कोणी कोणत्या अर्थाने वापरला याची अवतरणे त्यात दिलेली आहेत. आपल्याकडे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश अशी मोलाची कामे झाली. स्वतः सयाजीरावांनी १९३१ साली आठ भाषांतील कारभाराच्या शब्दांचा कोश करवून घेतला. तरी एखाद्या मराठी शब्दाचा शतकाशतकांतला सलग प्रवास उघडून दाखवणारे पान सामान्य वाचकाच्या हाताशी नाही, आणि म्हणून आपले वाद कोणीतरी पुढे पाठवलेल्या व्युत्पत्तींवर चालतात.

जर्मन भाषेत फ्राउ हा शब्द मध्ययुगात सरदार घराण्यातील स्त्रीसाठी होता आणि कोणत्याही स्त्रीला वाइब म्हणत. १२०० च्या सुमारास एका कवीने वाइब हेच स्त्रीचे सर्वांत थोर नाव होय असा पक्ष कवितेत मांडला होता, म्हणजे हा वाद आठशे वर्षांचा आहे. आज वाइब म्हणणे हा उघड अपमान आहे, आणि फ्राउ प्रत्येकीची आहे. फ्रॉयलाइन या शब्दाची गोष्ट तर आपल्या बाईसारखीच आहे. एके काळी तो कुलीन घरच्या अविवाहित मुलीचा मान होता. तेथून तो मध्यमवर्गात उतरला आणि शेवटी उपाहारगृहात वाढणाऱ्या मुलीला हाक मारण्याइतका खाली आला. पुरुषाला लग्न झाले की नाही हे न विचारता स्त्रीलाच ते का विचारता, असा आक्षेप बळावत गेला, आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने सरकारी व्यवहारातून तो काढून टाकला. तेव्हापासून पत्रावर प्रत्येक सज्ञान स्त्री फ्राउ आणि तिचे आडनाव अशीच लिहिली जाते. आमच्या कार्यालयात पहाटे जिने पुसणाऱ्या बाईंना विभागप्रमुखही फ्राउ आणि आडनाव लावून, आदरार्थी सर्वनाम वापरूनच नमस्कार करतात, आणि त्या विभागप्रमुख बाईंनाही तेच संबोधन मिळते. फ्राउ हा शब्द घसरला नाही, कारण तो सर्वांना सारखा मिळाला. येथे सगळे आलबेल आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सफाईच्या कामात परदेशातून आलेल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांना ओळखदेख नसताना एकेरीत हाक मारणारी माणसेही मी पाहिली आहेत. तशा वेळी फ्राउ म्हटले तरी काही उपयोग होत नाही.

म्हणून मॅडम हा उपाय मला पटत नाही. शिक्षिकेला मॅडम म्हणून आपण बाई हा शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या माथी कायमचा मारतो, आणि तिच्याशी आपले वागणे होते तसेच ठेवतो. शहरी घरांत मधल्या काळात बाईऐवजी मावशी म्हणण्याची रीत आली, त्यामागची भावना चांगली होती, पण आता आमच्याकडे मावशी लावली आहे असे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकते. नाते आले, क्रियापद बदलले नाही, आणि मावशी हाही शब्द त्याच वाटेला लागला. काही वर्षांनी कोणाच्या तरी सख्ख्या मावशीबद्दल असाच वाद उभा राहिला तर मला नवल वाटणार नाही.

बडोद्याच्या मराठी घरांना यावरचा उपाय शोधायला जर्मनीपर्यंत यावे लागत नाही. भिंतीपलीकडच्या गुजराती घरात भांडी घासायला येणाऱ्या स्त्रीला तिच्या नावापुढे बेन लावून हाक मारतात, आणि ती आली नाही तर मंजुबेन आव्यां नथी असे म्हणतात, क्रियापदासकट आदराने. शाळेतल्या शिक्षिकाही बेनच. २०१४ साली गुजरातच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झालेल्या आनंदीबेन पटेलही बेनच. अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी सेवा ही कष्टकरी स्त्रियांची संघटना उभी केली तेव्हा कागद वेचणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या सगळ्या एकमेकींच्या बेन होत्या आणि इला भट्ट इलाबेन होत्या. बेनला हलका वास लागला नाही, याचे श्रेय मी या सरसकट वापराला देते.

कोणी म्हणेल की आदरार्थी अनेकवचनाने कोणाचे पोट भरत नाही. खरे आहे, आणि म्हणूनच क्रियापदापाशी थांबणेही मला पुरेसे वाटत नाही. मराठी स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका रकान्यात दुधाचे लिटर आणि दुसऱ्यात बाईचे खाडे लिहिलेले असतात, आणि महिन्याच्या शेवटी खाडे मोजून पैसे कापले जातात. शिक्षिका, कारकून, बँकेतला माणूस घरी राहिला तर ती रजा असते, आणि धुणे धुणारी स्त्री तापाने घरी राहिली तर तो खाडा असतो. जर्मनीत १९६३ च्या कायद्याने आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून किमान २४ दिवसांची भरपगारी सुटी आहे, आणि ती जिने पुसणाऱ्यांनाही आहे. समूहावर ज्या बाईंनी आपल्या आईबद्दल विचारले त्यांना माझे उत्तर असे की त्यांच्या आईला लावलेल्या शब्दात कमीपणा नव्हता. तो आली या क्रियापदात होता आणि खाडा या हिशेबात होता, आणि दोन्ही गोष्टी आमच्यासारख्या घरांनी केल्या. चिमणाबाईंचे नाव घेऊन तरुणांशी भांडणाऱ्या माझ्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या घरी बाई आल्या असे म्हणायला सुरुवात करावी, महिन्याच्या ठरावीक सुट्या आधी बोलून ठेवाव्यात, कॅलेंडरवर त्या दिवसापुढे रजा लिहावे आणि पैसे पुरे द्यावेत.